बीआरपी ग्रेगोरिओ देल पिलार: सेकंडहँड पण दमदार जहाज

जुनं जहाज म्हणजे भंगार असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट बघाच. १९६७ पासून अमेरिकन कोस्ट गार्डमध्ये ‘हॅमिल्टन’ नावानं राबलेलं कटर, म्हणजे कोस्ट गार्डचं गस्ती जहाज, २०११ मध्ये रिटायर झालं आणि त्याच वर्षी फिलिपिन्सच्या नेव्हीत मोठ्या थाटात दाखल झालं. तोवर त्यांचं सगळ्यात मोठं लढाऊ जहाज दुसऱ्या महायुद्धातलं होतं, म्हणजे यांच्यासाठी हे केवढं मोठं अपग्रेड ते बघा!

मला सगळ्यात भारी वाटतं ते इंजिनाचं. रोजच्या गस्तीला दोन डिझेल, आणि कुणाच्या मागे लागायचं असेल तर दोन गॅस टर्बाइन, मग ११५ मीटरचं हे धूड २९ नॉटपर्यंत (ताशी साधारण ५४ किमी) पळू शकायचं. टर्बाइन इंधन पितात भरपूर, पण डिझेलवर हळूहळू चाललं की समुद्रात आठवडेच्या आठवडे राहता येतं, आणि एवढी बेटं असलेल्या देशाला नेमकं तेच हवं होतं ना.

एप्रिल २०१२ ला दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोलजवळ (शोल म्हणजे समुद्रातला उथळ भाग) याच जहाजावरचे लोक चिनी मासेमारी बोटींवर चढले, आत बघतात तर प्रवाळ, मोठाले शिंपले आणि जिवंत शार्क!

कमतरता आहेच. ७६ मिमीची तोफ मिळाली पण देताना अमेरिकेनं फॅलँक्स, म्हणजे जवळ येणारी मिसाइल पाडणारी स्वयंचलित तोफ, काढून घेतली, मिसाइल तर नव्हतीच, त्यामुळे खऱ्या युद्धनौकेसमोर हे कमीच पडणार. २०१८ मध्ये हासा-हासा शोलवर अडकलंही होतं.

गस्तीसाठी माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, लढाईसाठी दोनच.