ओपनएलडॅप: आठ महिने रोज वापरल्यावरचा अनुभव

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये गेल्या जुलैपासून ओपनएलडॅप (सगळ्यांची अकाउंटं आणि पासवर्ड एकाच सर्व्हरवर ठेवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे, म्हणजे आता आठ महिने झाले, आणि ते मी एकटाच बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधी ८० लिनक्स मशीन आणि प्रत्येकावर वेगळं अकाउंट, एखादा पोरगा पासवर्ड विसरला की त्या मशीनपाशी जाऊन बदलून द्यायचा, दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या मशीनवर बसला की परत हाक, "सर, लॉगिन होत नाहीये." आता एकदा बदलला की सगळीकडे बदलतो. एवढ्यासाठी तरी घ्याच.

सुरुवातीला नावांची पद्धत अंगावर येते. यूआयडी (लॉगिनचं नाव), मग ओयू (विभाग), मग दोन-तीन डीसी (डोमेनच्या नावाचे तुकडे), सगळं स्वल्पविरामांनी जोडलेलं. हे एक्स.५०० कडून आलंय, डिरेक्टरीचं म्हणजे अशा नावांच्या यादीचं १९८८ चं स्टँडर्ड, पण ते चालवायला अख्खा ओएसआय स्टॅक, म्हणजे नेटवर्कचे जडजंबाळ प्रोटोकॉल, लागायचे, साध्या पीसीला न झेपणारे. म्हणून मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या टिम हाउज वगैरे मंडळींनी टीसीपी-आयपीवर (इंटरनेटच्या नेहमीच्या प्रोटोकॉलवर) चालणारं हलकं रूप काढलं, तेच एलडॅप, १९९३ ला त्याचं पहिलं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आलं, आपण वापरतो ती तिसरी आवृत्ती १९९७ ची. नावांचं झाड मात्र तेच राहिलं. पाकिटावरच्या पत्त्यासारखं वाचा, आधी माणूस, मग गल्ली, मग गाव, मग जिल्हा. मला हे उमगायला दोन आठवडे लागले.

खरा त्रास झाला आडनावाचा. पहिल्या वर्षाची यादी एका एलडिफ फाइलमधून (एलडॅपच्या नोंदी लिहायची साधी टेक्स्ट फाइल) चढवत होतो, चाळीस नावं गेली आणि एकेचाळिसाव्याला एरर ६५. त्या मुलाला आडनावच नाही, आणि स्कीमात, म्हणजे नोंदीत काय काय हवं त्या नियमांत, 'एसएन' (आडनाव) सक्तीचं आहे. बरं, दुरुस्त करून परत चालवलं तर आता पहिल्याच नावाला एरर ६८, आधीच आहे म्हणून. एरर आली तरी पुढे जायला सी हा ऑप्शन द्यावा लागतो. आडनाव नसेल तिथे आम्ही नावच दोनदा भरतो, पण मनाला पटत नाही, माणसाचं नाव जसं आहे तसं राहायला हवं.

मराठीत नावं ठेवता येतात, हे मात्र मला फार आवडलं, तिसऱ्या आवृत्तीत यूटीएफ-८ आहे, म्हणजे कुठल्याही लिपीतली अक्षरं चालतात. फक्त बॅकअप काढल्यावर घाबरू नका. नावापुढे दोन कोलन आणि मग '४केएस' पासून सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतील. डेटा बिघडलेला नसतो, एलडिफमध्ये देवनागरी बेस-६४ करूनच, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलूनच, लिहितात. मी त्या रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये बसलो होतो.

जानेवारीत सर्व्हरच्या सर्टिफिकेटची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलची) मुदत संपली, लक्षात ठेवायचं काम माझंच होतं. मशीनवर लॉगिन तपासणारा एसएसएसडी हा प्रोग्राम टीएलएसशिवाय, म्हणजे सर्टिफिकेटवर चालणाऱ्या एन्क्रिप्शनशिवाय, पासवर्ड पाठवतच नाही, आणि ते बरोबरच आहे. पण एखाद्या मशीनवर आधी बसलेल्यांचं लॉगिन तिथल्या कॅशमधून (मशीनने साठवलेल्या माहितीतून) होत होतं, नव्यांचं नाही, त्यामुळे अर्धा दिवस मी पोरांच्या अकाउंटमध्येच चूक शोधत राहिलो. तुमच्याकडे असं अर्ध्यांचं चालतंय अर्ध्यांचं नाही झालं, तर आधी सर्टिफिकेटची तारीख बघा.

दहा-पंधरा मशीन असतील तर या फंदात पडू नका. आम्ही पुढच्या महिन्यात लॅबचं वायफायही यालाच जोडतोय.