पित्ताची गोळी चालू असताना कोणते फळ घ्यावे: संत्रे की केळे, पपई की आंबा?

आम्लपित्तावर गोळी सुरू झाली की घरातली फळे दोन गटांत वाटली जातात: आंबट ती वर्ज्य, गोड ती चालतील. ही वाटणी सर्वस्वी चुकीची नाही. मात्र तिच्यामुळे अनेक जण संत्रे, पेरू, डाळिंब ही फळे महिनोन्महिने विनाकारण सोडून देतात आणि ज्या गोष्टींची काळजी खरोखर घ्यायला हवी, त्यांकडे मात्र लक्ष जात नाही. फळ निवडण्याआधी आपण कोणते औषध घेत आहोत, ते कधी घेत आहोत आणि त्रास नेमका कोठे होतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या जठराच्या पेशींमधील आम्ल बाहेर टाकणारे पंपच बंद करतात. हे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात, म्हणून या गोळ्या साधारणपणे नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात. त्यामुळे उठल्याबरोबर आधी फळ आणि मग गोळी हा क्रम या औषधांना मानवत नाही. आधी गोळी, मग थांबणे, मग नाश्ता आणि त्यासोबत फळ, हा क्रम ठेवावा. फॅमोटिडीन या आम्ल कमी करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या गोळीला अन्नाचे असे बंधन फारसे नाही. जेलच्या स्वरूपातली अँटासिड तयार झालेले आम्ल फक्त काही वेळापुरते निष्प्रभ करतात. फळांशी त्यांचा एक वेगळा संबंध आहे, तो पुढे येईल.

आता संत्रे आणि केळे. पीएच हे आम्लतेचे माप; अंक जितका लहान तितके आम्ल तीव्र. जठररसाचा पीएच सुमारे १ ते २ असतो, संत्र्याच्या रसाचा साधारण ३.५ ते ४, तर पिकलेल्या केळ्याचा ५ च्या आसपास. पीएचमधील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे लक्षात घेतले तर संत्रे जठररसाच्या तुलनेत शेकडो पटींनी सौम्य ठरते. म्हणजे संत्रे खाल्ल्याने जठरातले आम्ल फारसे वाढत नाही. मग संत्र्याने जळजळ का होते? कारण अन्ननलिकेचे अस्तर वर आलेल्या आम्लाने आधीच सोललेले असेल, तर आंबट रस त्यावरून जाताना थेट झोंबतो. म्हणून छातीत किंवा घशाशी जळजळ होणाऱ्याने औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत संत्रे, अननस, आंबट द्राक्षे बाजूला ठेवून केळ्याला पसंती द्यावी, हे मला योग्य वाटते. ज्याचा त्रास छातीत नसून केवळ पोटफुगी आणि करपट ढेकरांचा आहे, त्याने जेवणानंतर नागपुरी संत्र्याच्या चार फोडी खाऊन पाहाव्यात आणि त्रास झाला नाही तर निर्धास्तपणे खाव्यात. पेलाभर गाळलेला रस मात्र वेगळा: त्यात तीन-चार संत्र्यांचे आम्ल आणि साखर एकदम पोटात जाते आणि चोथा मागे राहतो. ज्यांना आंबट गोडीच हवी आहे, त्यांना मोसंबी बरी, कारण ती संत्र्याहून बरीच कमी आंबट असते.

पपई, कलिंगड, खरबूज आणि चिकू ही फळे आम्लाच्या दृष्टीने सौम्य आहेत. त्यांच्यात निवड आवडीने करावी. अॅल्युमिनियमयुक्त अँटासिडने मलावरोध होत असेल, तर पपई उजवी.

आंब्यावर मात्र उगाच ठपका येतो, असे माझे मत आहे. पूर्ण पिकलेला हापूस कैरीसारखा आंबट नसतो. आमरस-पुरीच्या जेवणानंतर जळजळ झाली, तर तुपाची धार, तळलेल्या पुऱ्या, पोट तुडुंब भरणे आणि त्यावर लगेच आडवे होणे यांचा वाटा आंब्यापेक्षा मोठा असण्याची शक्यता आहे. तोच आंबा दुपारी चार वाजता, एकटा आणि बेताने खाल्ला तर अनेकांना सोसतो. कोणतेही फळ असो, रात्री झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पोट रिकामे ठेवणे हे फळ बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पेरूचा विचार वेगळ्या कारणाने करावा. ही औषधे दीर्घकाळ घेतली तर अन्नातले लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यात घट होऊ शकते. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या सुमारे चौपट असते आणि ते वनस्पतिजन्य लोहाच्या शोषणाला मदत करते. म्हणून शाकाहारी माणसाने दुपारच्या जेवणासोबत पेरू घेणे फायद्याचे आहे. ब-१२ ची कमतरता मात्र कोणत्याही फळाने भरून निघत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासावे.

ज्या बाबीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ती फळाच्या जातीशी संबंधित नाही. जठरातले आम्ल अन्नाबरोबर येणाऱ्या अनेक जंतूंना मारते, आणि आपण तेच आम्ल औषधाने कमी केलेले असते. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्यांना आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. हातगाडीवर कापून ठेवलेले कलिंगड, उघड्यावरचे फ्रूट सॅलड आणि बर्फ घातलेला रस टाळून, अख्खे फळ आणून, धुऊन, घरी कापून लगेच खावे.

गोळी गिळता न येणाऱ्या वृद्धांना ती कुटून केळ्यातून देण्याची पद्धत काही घरांत आहे. ती टाळावी, कारण गोळीवरचे आवरण तुटले की औषध जठरातल्या आम्लातच नष्ट होते. आत बारीक दाणे असलेली ओमेप्रॅझोलची कॅप्सूल असेल, तर डॉक्टरांना विचारून ते दाणे सफरचंदाच्या शिजवलेल्या मऊ गरावर पसरून, न चावता लगेच गिळता येतात. सफरचंदाचा गर आंबूस असल्याने दाण्यांवरचे आवरण त्यात टिकते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी वरची तुलना जवळजवळ उलटी होते. केळ्यातले पोटॅशियम त्यांच्या रक्तात साठू शकते, आणि अॅल्युमिनियमयुक्त अँटासिडसोबत लिंबू, संत्रे किंवा मोसंबी घेतली तर त्यांतल्या सायट्रेट या आंबट घटकामुळे अॅल्युमिनियम अधिक शोषले जाते, जे दुर्बल मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. अशा रुग्णांनी केळे आणि संत्रे या दोहोंपैकी कोणतेही फळ स्वतःहून न ठरवता, सफरचंद किंवा पपईसारखी फळेसुद्धा किती प्रमाणात चालतील, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.