जीझस अँड मेरी चेन: आधी '२१ सिंगल्स' घ्यायचं की 'सायकोकँडी'?

ज्यांना हा बँड अजून भेटलाच नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जिम आणि विल्यम रीड हे दोघे सख्खे भाऊ, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडचे. साठच्या दशकातल्या पॉपसारख्या गोड चाली बांधायच्या आणि त्यावर गिटारचा फीडबॅक (गिटार स्पीकरजवळ नेली की येणारा किंचाळल्यासारखा आवाज) असा ओतायचा की कानठळ्या बसल्या पाहिजेत, ही त्यांची आयडिया, आणि ती इतकी चालली की नंतरच्या किती बँड्सनी ती उचलली ते मोजत बसायला नको.

आता '२१ सिंगल्स', म्हणजे त्यांच्या सिंगल्सचं, सुट्या काढलेल्या गाण्यांचं, कलेक्शन. हे २००२ ला आलं, म्हणजे बँड फुटल्यानंतर, आणि यात १९८४ ते १९९८ मधली सिंगल्स ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने लावलीयेत. मला हा क्रमच सगळ्यात जास्त आवडतो, कारण नुसतं ऐकत गेलं तरी कळतं की सुरुवातीला 'अपसाइड डाऊन'मध्ये गाण्यापेक्षा किंचाळणारी गिटारच जास्त ऐकू येते, मग १९८७ च्या 'एप्रिल स्काइज'पर्यंत तो सगळा गोंगाट बाजूला होतो आणि नुसती उदास, सुंदर चाल उरते (इंग्लंडच्या चार्टवर हे गाणं ८ नंबरपर्यंत गेलं होतं), आणि मग १९९२ ला 'रेव्हरन्स'मध्ये गोंगाट परत येतो पण आता त्याच्या खाली नाचायला लावणारा बीट असतो. 'समटाइम्स ऑलवेज'मध्ये मॅझी स्टार बँडची गायिका होप सँडोव्हल जिमबरोबर गाते आणि तिथे तर फीडबॅकचा मागमूसही नाही, दोन माणसं बोलतायत असं वाटतं. पहिलं सिंगल क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर निघालं होतं, मधली वर्षं दुसरीकडे गेली आणि शेवटची दोन परत क्रिएशनवरच.

'सायकोकँडी'चं एकदम वेगळं आहे. १९८५ चा हा त्यांचा पहिला अल्बम, १४ गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खल्लास. इथे गोंगाट येत-जात नाही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भिंतीसारखा उभाच असतो, आणि म्हणूनच त्याची सवय होते, चौथ्या-पाचव्या गाण्याला कान तो आवाज धरतात आणि आतली चाल दिसायला लागते. ड्रम्सवर बॉबी गिलेस्पी, पुढे प्रायमल स्क्रीम या बँडमुळे गाजला तोच, उभा राहून फक्त दोन ड्रम वाजवायचा. 'जस्ट लाइक हनी'ची सुरुवातीची ती धाप्-धाप् रॉनेट्स या साठच्या दशकातल्या ग्रुपच्या 'बी माय बेबी'वरून घेतलेली आहे, एकदा दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा, अंगावर काटा येतो.

बरं, दोन्ही घेतलं तर तीच गाणी दोनदा येतील का? फार नाही. 'सायकोकँडी'तली तीनच गाणी '२१ सिंगल्स'वर आहेत, 'नेव्हर अंडरस्टँड', 'यू ट्रिप मी अप' आणि 'जस्ट लाइक हनी', बाकीची अकरा तिथे सापडणार नाहीत. आणि उलट बाजूने सांगायचं तर 'अपसाइड डाऊन', 'सम कँडी टॉकिंग', 'साइडवॉकिंग' आणि 'स्नेकड्रायव्हर' ही चार मूळ स्टुडिओ अल्बम्समध्ये कुठेच नव्हती, ती एका जागी हवी असतील तर सिंगल्सचं पारडं जड. 'साइडवॉकिंग' तर नुसतं त्या गिटारसाठी घ्यावं असं गाणं आहे.

काही जण १९८८ चं 'बार्ब्ड वायर किसेस' सुचवतात, बी-साइड्सचं, म्हणजे सिंगलच्या मागच्या बाजूला असायची त्या गाण्यांचं, कलेक्शन. मस्त आहे, पण ते तिसरं घ्यायचं, पहिलं नाही.

मग माझं मत. आयुष्यात कधी फीडबॅकवालं काही ऐकलं नसेल तर '२१ सिंगल्स', पण पहिल्या गाण्यापासून नको, सहाव्या नंबरच्या 'एप्रिल स्काइज'पासून लावा, तिथून शेवटपर्यंत जा आणि मग मागे येऊन पहिली पाच ऐका, तोवर कान तयार झालेले असतात. पण माय ब्लडी व्हॅलेंटाइन किंवा पिक्सीज वगैरे गोंगाटी गिटारवाले बँड तुमचं आधीच ऐकून झालं असेल (पिक्सीजनी यांचं 'हेड ऑन' गायलंय) तर सरळ 'सायकोकँडी' घ्या, कारण कंपायलेशनवर ती तीन गाणी चांगली वाटतात पण अल्बमच्या मधोमध ऐकली की ती वेगळीच होतात, आजूबाजूच्या गाण्यांचा आवाज त्यांच्यात मुरलेला असतो आणि ती गंमत सुट्या गाण्यात येत नाही. मला विचाराल तर एकच ठेवायचं असेल तर मी 'सायकोकँडी'च ठेवेन, सिंगल्स कितीही आवडत असली तरी.

आणि ते हळू आवाजात लावू नका प्लीज. हळू लावलं की फीडबॅक नुसता टोचतो, व्हॉल्यूम वाढवला की मग त्याच्या खालून गाणं वर येतं.