स्पोक-ट्यूब की अलॉय-ट्यूबलेस: खान्देशातून टूरिंग करणाऱ्यासाठी

टूरिंगसाठी गाडी घ्यायची ठरली की सीसी, मायलेज आणि सीटची उंची यांवर महिनाभर चर्चा होते, आणि चाकं जी येतील ती घेतली जातात. आपल्याकडच्या माणसानं चाकांचा प्रश्न आधी सोडवावा, असं माझं मत आहे. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. आधीची गाडी स्पोकच्या, म्हणजे तारांच्या चाकांची, ट्यूबवाली होती. आताची अलॉयची, म्हणजे अखंड ओतीव चाकांची, आणि ट्यूबलेस आहे. अमळनेरहून एका टाकीत तोरणमाळही होतं आणि कन्नड घाट चढून वेरूळकडेही जाता येतं. त्यामुळे चौपदरी रस्ता, घाट, शिवारातली पाणंद असं सगळं दोन्ही चाकांखालून गेलं आहे. खाली लिहितोय ते या अनुभवावरून. कुणाचे रस्ते वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

बाजारात सरळ दोन गट दिसतात. हिमालयन 411 (2016) आणि एक्सपल्स 200 (2019) या गाड्या पुढे 21 इंची स्पोकचं चाक आणि आत ट्यूब घेऊन आल्या. मेटिऑर 350 (2020) आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स 250 (2022) पुढे 19, मागे 17 अशा अलॉयवर, ट्यूबलेस टायरसह आल्या. एकाच मॉडेलमध्येही फरक सापडतो. मेटिऑरची 2023 मध्ये आलेली ऑरोरा आवृत्ती स्पोकवर आहे आणि तिच्यात ट्यूब आहे. म्हणून नुसतं गाडीचं नाव विचारून भागत नाही, कोणती आवृत्ती तेही बघावं लागतं.

स्पोकच्या चाकाला ट्यूब का लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. स्पोकची निपलं (स्पोक कसणारे छोटे नट) रिममधून आरपार जातात, त्या भोकांतून हवा धरून राहत नाही. बाहेर मिळणारी सीलिंग टेप लावून हीच रिम ट्यूबलेस करणारे लोक आहेत. मी तो प्रयोग केला नाही, आणि कोणाला सुचवणारही नाही. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमच्या आतल्या बाजूला एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड तो जागेवर धरून ठेवतो. ट्यूबसाठी बनवलेल्या बऱ्याच रिमना तो नसतो.

आता काट्यांकडे येऊ. पहिली पंचाईत तिथेच होते. बांधाला कुंपण करायला शेतकरी बाभळीच्या फांद्या ओढत नेतात, आणि वाटेवर त्यांचे काटे गळतात. वेडी बाभूळ तर रस्त्याच्या कडेला आपोआप वाढलेली असते. बैलांच्या पत्रीचे खिळे अजूनही सापडतात. धुळे-जळगाव रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही, पण खालच्या गावरस्त्याला लागलं की पंचर होणार हे धरूनच चालावं. ट्यूबच्या चाकात काटा ट्यूबपर्यंत पोचला की हवा भसकन जाते, वॉल्व्हच्या भोकातूनही निघते. पुढचं चाक असेल आणि वेग असेल तर हँडल हातात राहणं कठीण. ट्यूबलेसमध्ये काटा किंवा खिळा स्वतःच भोक बुजवून बसतो आणि हवा हळूहळू उतरते. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर टायर थोडा बसलेला दिसतो, तेव्हा कळतं. सुरक्षिततेचा हा मुद्दा एवढा उघड आहे की त्यावर जास्त लिहीत नाही.

ट्यूबमधला काटा आणखी एक त्रास देतो. त्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं. पंचर काढणारा ट्यूब घमेल्यात बुडवतो, बुडबुडे बघतो, कानस मारतो, सोल्युशन लावून पॅच बसवतो, आणि टायर आतून न चाचपता ट्यूब परत भरतो. पाच-दहा किलोमीटरवर तेच टोक नव्या जागी घुसतं. म्हणून टायरच्या आतून फडकं फिरवायला सांगावं. फडकं जिथे अडकेल तिथे काटा. उन्हाळ्यात जुने पॅच सुटतात, हाही माझा अनुभव आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, खाली डांबर तापलेलं असतं, त्यात ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून आणखी तापतात. लांबच्या फेरीआधी पॅचांची ट्यूब काढून नवी टाकलेली बरी.

एवढं असूनही नुसत्या पंचरसाठी मी स्पोक सोडला नसता. पंचर दोन्हीकडे होतं. माझा निर्णय झाला तो पंचर काढल्यानंतरच्या चेनमुळे.

तोरणमाळहून उतरताना म्हसावदच्या आसपास मागचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या दुकानातल्या पोरानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "चाक खोलनं पडी, भाऊ." मागे दोन बॅगा, वर बांधलेला तंबू, सगळं उतरवलं. एक्सलचा नट सोडला. चेन स्प्रॉकेटवरून निघेना म्हणून त्यानं दोन्ही बाजूंच्या चेन अ‍ॅडजस्टरचे लॉकनट सोडून ते ढिले केले. चाक ओढलं तशी बुश निसटून धुळीत पडली, ती पुसून घेतली. हबमधली ड्रम रबरं बाहेर आली, ती पुन्हा बसवली. चाक बाहेर असताना ब्रेकच्या पेडलवर कुणाचा तरी पाय पडला आणि डिस्क पॅड आत दाबले गेले, ते स्क्रूड्रायव्हरनं फाकवावे लागले. पंचर त्यानं चांगला काढला, त्याबद्दल तक्रार नाही. चाक चढवल्यावर अ‍ॅडजस्टर मात्र अंदाजानं कसले, चेन ताठ केली आणि थाप मारून म्हणाला, "झालं."

दोंडाईच्याच्या अलीकडेच चेनमधून घुंई ऐकू यायला लागली. थांबून मागून बघितलं तर उजव्या अ‍ॅडजस्टरची खूण डावीपेक्षा पुढे होती, आणि चेनला ढील जवळजवळ नव्हतीच. सामानासह माणूस बसला की मागचं सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. तो ताण थेट गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर येतो. चाक तिरकं राहिलं तर स्प्रॉकेटचे दात एका बाजूनं झिजतात. पाना काढून रस्त्यातच ढील दिली, पण सरळपणा काही मनासारखा झाला नाही. घरी आल्यावर आमच्या मिस्तरीनं दोन्ही टायरच्या बाजूनं दोरी ताणून चाक सरळ केलं, तेव्हा गाडी पुन्हा गप्प झाली.

एकदाच घडलं असतं तर विसरून गेलो असतो. पण मागचं चाक जितक्या वेळा परक्या हातानं उघडलं, तितक्या वेळा हे कमी-जास्त प्रमाणात घडलंच. मी चेनची काळजी मनापासून घेतो. फेरीहून आलो की रॉकेलनं धुणं, वाळू देणं, 90 नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं लावून जादाचं पुसणं, ढील बघणं. एवढं करून लावलेली सेटिंग एका बाभळीच्या काट्यापायी दर वेळी मोडायची, हे मला सहन होईना. ट्यूबलेसमध्ये चाक जागेवरच राहतं. काटा उपटायचा, दाते असलेल्या टोच्यानं भोक साफ करायचं, चिकट रबरी दोरी आत घालायची, उरलेली कापायची, हवा भरायची. बॅगा बांधलेल्याच असतात. चेनला, ब्रेकला, एक्सलला कुणी हात लावत नाही. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

आता स्पोकच्या बाजूनं, कारण तीही बाजू खरी आहे. चांदसैली घाटातून धडगावकडे आणि पुढे पाड्यांच्या वाटांना गेलं की रस्ता ठिकठिकाणी संपतो. पावसाळ्यात दरड आलेली असते, दगड पसरलेले असतात. अशा ठिकाणी स्पोकचं चाक धक्का पोटात घेतं. रिमला आउट आला, म्हणजे चाक वाकडं फिरायला लागलं, तर तालुक्याच्या गावात आउट काढून देणारा माणूस मिळतो, स्पोकही मिळतात. अलॉयचं तसं नाही. माझ्या एका मित्राची पुढची अलॉय खड्ड्यात आदळून काठाला वाकली. टायरला काही झालं नव्हतं, पण वाकलेल्या जागेतून हवा धरेना. त्याच्या बॅगेत ट्यूब होती, ती आत घालून तो घरी आला. वाकलेली अलॉय दाबून सरळ करणारे जळगाव-नाशिकसारख्या शहरात भेटतात, पण तडा गेला असेल तर वेल्डिंगवर मी भरवसा ठेवणार नाही, नवीनच घ्यावी. ट्यूबलेस टायर कडेनं, म्हणजे साइडवॉलला फाटला तरी दोरीनं काम होत नाही. तिथेही ट्यूबच लागते.

देखभालीत स्पोक थोडा वेळ मागतो. सुरुवातीच्या सर्व्हिसला स्पोक तपासून घ्यावेत, पुढे दर मोठ्या फेरीआधी पान्यानं एकेक वाजवून बघावा. घट्ट स्पोक टणटण वाजतो, ढिला बद्द आवाज देतो. मला हे काम आवडायचं, खोटं सांगत नाही. अलॉयला धुणं-पुसणं आणि काठाला कुठे वाकलंय का ते बघणं, एवढंच.

दोन्हींचा मधला मार्गही आता आहे. स्पोक रिमच्या मधून न जाता कडेला बसवले की भोकं हवेच्या बाजूला येत नाहीत, आणि स्पोक असूनही टायर ट्यूबलेस राहतो. हिमालयन 450 नोव्हेंबर 2023 मध्ये ट्यूबवाल्या स्पोकवर आली. 2024 मध्ये तिला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळाला. खिशाला परवडत असेल आणि सातपुड्याच्या आतल्या वाटा खरोखर दर वर्षी होत असतील, तर माझ्या मते हा पर्याय सगळ्यात बरा. वाटा मुख्यतः डांबरी असतील, म्हणजे महामार्ग, घाट, गावरस्ता आणि मुक्काम, तर मी अलॉय-ट्यूबलेस घेईन. घेतलीही तीच.

ज्यांना ट्यूबवालाच स्पोक घ्यायचा आहे, किंवा घरात आधीपासून तशी गाडी आहे, त्यांनी एवढं करावं. घरी चेन नीट लावून झाली की दोन्ही अ‍ॅडजस्टरवर जागेची खूण रंगानं करून ठेवावी. वाटेत चाक उघडायची वेळ आली तर दुकानदाराला आधीच सांगावं, "दादा, अ‍ॅडजस्टरला हात लावू नका." एक्सल काढून चाक पुढे ढकललं की बहुतेक गाड्यांत चेन अ‍ॅडजस्टर न सोडताही निघते. चाक परत बसवताना ते पुढे सरकून अ‍ॅडजस्टरला टेकलं पाहिजे. त्यासाठी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये जाड फडकं घालून चाक हातानं मागच्या दिशेला थोडं फिरवावं. चाक आपोआप पुढे ओढलं जातं. त्याच स्थितीत एक्सलचा नट कसावा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, बोटं चेनपासून लांब. ढील किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं; सामान चढवण्याआधी मोजावी. निघण्यापूर्वी ब्रेकचं पेडल दोन-चारदा दाबून बघावं, पॅड मागे गेलेले असतील तर पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. बॅगेत ट्यूब एकच ठेवायची असेल तर 21 इंची ठेवा. अडीनडीला ती मागच्या चाकातही घडी घालून बसवता येते, उलट मागची पुढे बसत नाही.

अलॉयवाल्यांनी दोरीचं किट, बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि एक ट्यूब एवढं जवळ ठेवावं. दोरीचा पंचर घरी आल्यावर टायर उघडून आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच) लावून पक्का करून घ्यावा. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा बघून हवा सोडली तर सकाळी ती कमी भरते.

आणि गाडी कोणतीही ठरो, बुकिंगआधी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट विचारून घ्या: मागच्या एक्सलचा नट कोणत्या पान्यानं सुटतो, आणि तो पाना गाडीबरोबरच्या टूलकिटमध्ये येतो का. नसेल तर पहिल्या फेरीआधी विकत घ्या. रस्त्याकडेच्या दुकानात तो असेलच असं नाही, आणि नसला की नटावर हातोडी-छिन्नी चालते.