एबेरॉन, आठ महिन्यांनंतर: ओळखीची गोष्ट की कोरं जग?

एबेरॉन म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठीचं तयार जग. खेळ असा: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत ती पुढे नेतात. त्या जगाचं हे पुस्तक मी हौसेनं नाही, वैतागून घेतलं. त्याआधी जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर महाभारतावर घरचंच कॅम्पेन, म्हणजे दर रविवारी पुढे सरकणारी एकच लांब गोष्ट, चालायचं. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची, समजावत बसायला नको, असा हिशोब. तिसऱ्याच रविवारी मोडलं. कर्णाच्या तोंडी मी एक वाक्य घातलं आणि "कर्ण असं बोलंल का बे?" यावर अर्धा तास गेला. एकानं सगळी पर्वं वाचलेली, बाकीच्यांना टीव्हीवरचं तेवढं आठवतं. तो बोलायचा, बाकीचे शेंगा खायचे.

याच खेळाचं दुसरं तयार जग, फॉरगॉटन रिल्म्स, घ्यायचा विचार होता. पण १९८७ पासून साठलेल्या त्या इतिहासातही तेच झालं असतं. ज्यानं कादंबऱ्या वाचल्या तो मालक. म्हणून 'एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर'. पुस्तक २०१९ चं, ३२० पानांचं. जग त्याहून जुनं: २००२ च्या स्पर्धेत अकरा हजारांवर प्रस्तावांतून कीथ बेकरचं निवडलं गेलं आणि २००४ मध्ये ते छापून आलं.

पहिले दोन महिने वाया. खोर्वेअर, थ्रोनहोल्ड, ड्रॅगनमार्कवाली घराणी, नावंच नावं. मी चार पानांचं मराठी टिपण करून ग्रुपवर टाकलं, कुणी उघडलंसुद्धा नाही. मग शिकवणं बंद केलं आणि एवढंच सांगितलं: शंभरेक वर्षांचं युद्ध दोन वर्षांपूर्वी संपलंय. लढण्यासाठीच घडवलेले, लाकूड-धातूचे वॉरफोर्ज्ड सैनिक तहामुळे मोकळे झालेत, पण आता करायचं काय हे त्यांना ठाऊक नाही.

आमच्यातल्या एकाचे आजोबा मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावरही भोंग्याच्या वेळेला उठून डबा मागायचे म्हणे. त्यानं लगेच वॉरफोर्ज्ड घेतला. त्याचा सैनिक रोज पहाटे हजेरीला उभा राहतो. हजेरी घेणारं कुणी नाही. त्या रविवारी फासे टाकायचं कुणाला सुचेना.

तक्रारी आहेत. शार्न या मनोऱ्यांच्या शहरावर भरभरून लिहिलंय, बाकीचे देश मात्र उरकलेत. नियमांची मूळ पुस्तकं वेगळी घ्यावी लागतात, म्हणजे खर्च वाढतो. त्या जगातल्या वर्तमानपत्रांचे मथळे मात्र झकास. मी ते मराठीत करून शनिवारी ग्रुपवर टाकतो, ते सगळे वाचतात.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेमुळे दोन रविवार बुडाले. पण ओढ टिकली. त्या जगातला साइर नावाचा देश तिथल्या सनाच्या ९९४ साली एका दिवसात उद्ध्वस्त झाला, तो कशानं, हे पुस्तक मुद्दाम सांगत नाही. टेबलावर बसणाऱ्यांनी ठरवायचं. महाभारतवाल्यानं आपलं उत्तर वहीत लिहून आणलंय आणि दर बुधवारी मला विचारतो, "बरोबर आहे का बे?" मी अजून काहीच ठरवलेलं नाही. त्याला सांगितलं नाहीये.