अंगणातलं झाड: राखायचं, छाटायचं की काढायचं?

मृग तोंडावर आला की बेळगावात घरोघरी हा विषय निघतो. वळवाच्या पावसात पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी गाडीवर फांदी कोसळलेली असते, आणि मग सगळे आपापल्या कंपाउंडमधल्या झाडाकडे मान वर करून बघायला लागतात. केवढं उंच गेलंय, यंदा काढूनच टाकू या, असं ठरतं. शेंडा बघून घेतलेला हा निर्णय बऱ्याचदा चुकतो. झाड उभं राहणार की पडणार, हे बुंध्याशी आणि जमिनीखाली ठरत असतं. उंची, वय आणि कल या तिन्हींची भीती वाटते खरी, पण यांतल्या एकामुळेही झाड आपोआप धोक्याचं होत नाही.

दोन झाडं शेजारी ठेवून बघू. पहिला, येळ्ळूर-किणयेसारख्या गावातल्या परड्यातला जुना आंबा. पन्नाशी ओलांडलेला, गोठ्याकडे कललेला, बुंध्यात हात जाईल एवढी ढोली पडलेली. दुसरा, टिळकवाडीतल्या बंगल्यासमोरचा गुलमोहर. सरळ, हिरवागार, मे महिन्यात लालभडक. कुणालाही विचारा, आंबा काढा म्हणतील. मी मात्र आधी गुलमोहराच्या बुंध्याशी जाऊन बसेन.

आंब्याचा कल कधीचा आहे ते खोडावर दिसतं. झाड लहानपणीच कललं असेल तर पुढे त्याचा शेंडा उजेडाकडे वळून सरळ वर गेलेला असतो, म्हणजे खोडाला बाक येतो. मुळंही त्या वजनाला पुरतील अशी जाड झालेली असतात. असं झाड तीस-चाळीस पावसाळे सोसून उभं असतं. ताजा कल वेगळा. त्यात खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीसारखं सरळच तिरकं होतं, आणि कलाच्या उलट बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसते. वारं आलं की बुंध्याजवळची जमीन वरखाली होते. हे दिसलं तर चर्चा नको. त्याच दिवशी झाडाखालची माणसं, जनावरं, गाड्या हलवायच्या आणि झाड काढायच्या मागे लागायचं.

ढोलीचंही तसंच. खोडाच्या मधलं लाकूड तसंही मेलेलं असतं, भार बाहेरचं कवच पेलतं. जाणकार एक ढोबळ हिशेब सांगतात: खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं लाकूड सभोवार शाबूत हवं. खोड 60 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्रिज्या 30, म्हणजे किमान 10 सेंटिमीटर निरोगी लाकूड. ढोलीचं तोंड मोठं असेल तर हा हिशेब पुरत नाही, जास्त हवं. बघायचं कसं? लाकडी मोगरीने किंवा कोयत्याच्या पाठीने बुंध्याभोवती वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. भरीव लाकूड टणटणतं, पोकळ जागी आवाज भद्द येतो. कुठे बदलतो तिथे खडूने खूण करत गेलं की पोकळीचा आकारच खोडावर उमटतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पैसाही लागत नाही.

आता गुलमोहर. बुंध्याशी, जमिनीला लागून, तपकिरी रंगाची, पंख्याच्या आकाराची, लाकडासारखी कडक अळंबी आलेली असेल, वाढत्या कडेला पांढरी किनार असेल आणि खाली तपकिरी पूड पडलेली असेल, तर ती गॅनोडर्मा बुरशी आहे. गुलमोहराला ती फार लागते. आपल्याला दिसते ती फक्त तिची फळं. बुरशी आत मुळांचं आणि बुंध्याचं लाकूड खात असते. अळंबी खरवडून काढली, चुना लावला, तरी आतलं थांबत नाही. फसगत अशी की वरचा घेर हिरवाच राहतो. पाणी वर नेणारे बाहेरचे थर जिवंत असतात, म्हणून पालवी येते, फुलं येतात, आणि एका पावसात झाड मुळासकट आडवं होतं. त्यात रस्त्याचं काँक्रीट पार खोडापर्यंत आलेलं आणि गटारासाठी एका बाजूची मुळं तोडलेली असतील, तर वाचवण्यासारखं काही उरत नाही. असा गुलमोहर काढायचा.

मुळं खोल जातात, हा आपला मोठा गैरसमज. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणून घराच्या पायासाठी, पाइपलाइनसाठी, कंपाउंडसाठी खोडालगत चर मारला असेल, तर तो किती लांबून गेला ते आठवून बघा. खोडाच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा जवळून जाड मुळं तुटली असतील तर झाडाचा आधारच गेला समजा. दोन-तीन वर्षं काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तुटलेली मुळं कुजायला तेवढा वेळ लागतोच.

दुसरा प्रश्न, झाड पडलं तर कशावर पडणार? हा प्रश्न झाडाच्या तब्येतीइतकाच महत्त्वाचा आहे. तोच पोकळ आंबा मोकळ्या परड्यात असेल तर राहू द्यावा, आणि मुलं झोपतात त्या कौलारू खोलीवर असेल तर फार वाट बघू नये. पण इथेच एक पर्याय कुणी विचारात घेत नाही. झाड हलवता येत नाही, खालचं बरंच काही हलवता येतं. गाडी दुसरीकडे लावा, झोपाळा काढा, गोठ्याचं पत्र्याचं शेड चार हात सरकवा. पन्नास वर्षांच्या आंब्यापुढे पत्र्याच्या शेडची किंमत ती काय!

छाटणी आणि मुंडण

राखणं आणि काढणं यांच्या मध्ये छाटणी येते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिच्याच नावाखाली होतं. खरी छाटणी म्हणजे वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, छपरावर आलेल्या फांद्या निवडून काढणं. एका वर्षात हिरव्या घेराच्या पाव भागाहून जास्त काढायचं नाही. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. खोडाला सपाट घासूनही नाही आणि वीतभर खुंट ठेवूनही नाही. फांदी जड असेल तर आधी खालून काप द्यायचा, म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. कापावर डांबर फासून कूज थांबत नाही. झाड स्वतःच जखम भरून घेतं.

याउलट मुंडण. शेंडा आणि सगळ्या मोठ्या फांद्या एका उंचीवर कापून खांब उभा करायचा, आणि त्याला "झाड कमी केलं" म्हणायचं. कापलेली टोकं कुजायला लागतात. त्याखालून झुबक्यांनी सरळसोट फुटवे येतात, तीन-चार वर्षांत पहिल्याएवढे उंच होतात, पण ते सालीजवळच्या थरातून आलेले असल्याने त्यांची पकड कच्ची असते. आता कुजक्या खोडावर कच्च्या फांद्या, म्हणजे आधीपेक्षा वाईट. दर काही वर्षांनी पुन्हा माणसं बोलवा, पुन्हा पैसे द्या. माझं मत पक्कं आहे: मुंडण करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते झाड तिथे नकोच आहे. सरळ काढा आणि त्या जागेत मावेल असं दुसरं लावा.

जात बघून

नारळ पडण्यापेक्षा त्याचे नारळ आणि झावळ्या पडण्याचाच धोका जास्त, आणि वेळच्या वेळी उतरवले की तो संपतो. मात्र शेंडा हाच नारळाचा जीव. लाल सोंड्या भुंग्याने आतून पोखरून सुई, म्हणजे शेंड्यातलं न उमललेलं पान, वाळली आणि ओढल्यावर हातात आली, तर झाड गेलं. मेलेला नारळ उभा ठेवू नये. बुंध्यातून तांबूस चीक गळत असेल आणि खालच्या झावळ्या वाळून खोडाला लोंबत असतील, तर तिथेही गॅनोडर्माचा संशय घ्यावा.

आंब्याला भिरूड लागलं, खोडाला भोक पडून भुसा बाहेर येऊ लागला, म्हणून लगेच कुऱ्हाड काढायची गरज नाही. तार घालून अळी काढतात, भोकात औषधाचा बोळा घालून वरून चिखलाने लिंपतात, झाड सावरतं. बांडगूळ तर नुसती फांदी खालून कापली की जातं. फणसाचं लाकूड चिवट, वाऱ्याला दाद न देणारं. निरोगी फणस काढायला सांगणाऱ्याला कारण विचारावं. सिल्व्हर ओक आणि नीलगिरी घराला खेटून असतील तर मी त्यांची बाजू घेणार नाही.

वड, पिंपळ, उंबर यांना हात लावायला घरातली मोठी माणसं तयार नसतात, आणि ती भावना मोडू नये. उभं झाड वाऱ्याला सहसा दाद देत नाही, पण त्याची मुळं जुन्या जांभ्याच्या भिंतीत शिरली की दगड सुटे करतात. म्हणून भिंतीच्या सांध्यात किंवा टाकीच्या कडेला पिंपळाचं रोप दिसलं की दोन पानांचं असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागी लावावं. मोठं झाल्यावर पूजाही करावी लागते आणि भिंतही बांधावी लागते.

जमीन बघून

कॅम्प, टिळकवाडीपासून जांबोटी, खानापूरकडे तांबडी माती. खाली मुरूम किंवा जांभ्याचा थर लागला की मुळं आडवी पसरतात. तरण्या-म्हाताऱ्या पावसात जमीन आठवडेच्या आठवडे ओली राहते, त्यात पश्चिमेचं वारं, आणि झाडं मुळांच्या गड्ड्यासकट उलथतात. इथे घेर विरळ करून वाऱ्याला वाट देणं कामाला येतं, आणि तपासणी शिमग्याच्या सुमारास करावी, जूनमध्ये नव्हे.

वडगाव-शहापूर-येळ्ळूरची काळी जमीन आणि निपाणी, चिकोडीकडची रानं यांचा प्रश्न दुसराच आहे. काळी माती वाळली की आक्रसते, भिजली की फुगते. घरालगतचं मोठं झाड उन्हाळ्यात त्या मातीतलं पाणी ओढतं आणि भिंतीला चीर जाते. चीर एप्रिल-मेमध्ये रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते का, हे वर्षभर पेन्सिलीची खूण करून बघा. बारा महिने सारखीच राहत असेल तर दोष बांधकामात असण्याची शक्यता जास्त. आणि झाडच कारण ठरलं तरी ते एका दिवसात काढण्याआधी इंजिनिअरला विचारा. पाणी ओढणारं झाड गेलं की माती फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. झाड घराच्याही आधीपासून तिथे असेल तर हा धोका अधिक.

कागदपत्रांचं

सीमाभागातल्या वाचकाची इथे हमखास गल्लत होते, कारण मराठीत वाचायला मिळतं ते बहुधा महाराष्ट्राचं. तिकडे शहरांना 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज दर्जा आला. चंदगडपर्यंत हे ठीक. बेळगाव, खानापूर, निपाणीत 1976 चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा चालतो. परवानगी देणारा वृक्ष अधिकारी वन खात्याचा असतो, त्यामुळे फॉरेस्ट ऑफिस गाठायचं. खाजगी आवारातल्या झाडालाही परवानगी लागते.

मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड असेल तर परवानगी नाकारता येत नाही, अशी या कायद्यात तरतूद आहे. म्हणून अर्जात "झाड अडचणीचं आहे" एवढंच न लिहिता अळंबीचा, भेगाळलेल्या मातीचा, ढोलीचा फोटो जोडावा. जागेचा उतारा सोबत द्यावा आणि अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्यावा, काम लवकर पुढे सरकतं. बदली झाड लावण्याची अट असते, ती मनापासून पाळावी. नारळ, सुरू, नीलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, गिरीपुष्प, पांगारा अशा काही जातींना परवानगीतून सूट आहे. ही यादी मध्ये वाढलेलीही आहे, म्हणून आपलं झाड तिच्यात बसतं का ते ऑफिसातच विचारून घ्यावं. चंदन अंगणात आपसूक उगवलेलं असलं तरी परवानगीशिवाय त्याला कोयता लावू नये.

विजेच्या तारांत गेलेल्या फांद्या हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, कळवून, लाइन बंद करूनच काढायच्या. ओली फांदी तारेला टेकली की कापणाऱ्याच्या जिवावर बेततं.

सल्ला कुणाचा घ्यावा? लाकूड नेणाऱ्याचा घेऊ नये. आंबा, फणस, सागाला गिऱ्हाईक असतं, तेव्हा निरोगी झाडातही त्याला धोका दिसतो. गुलमोहराच्या लाकडाला कुणी विचारत नाही, तिथे तो वेळच देत नाही. तपासणारा आणि तोडणारा शक्यतो वेगळा असावा. तोडायचं ठरलं की दोर लावून तुकड्या-तुकड्याने उतरवणार का, कौलं-गटार फुटलं तर भरून कोण देणार, बुंधा आणि पाला कोण नेणार, हे आधी बोलून घ्यावं.

बुंध्याचा प्रश्न शेवटी राहतो. झाड निरोगी असताना काढलं असेल तर खोड जमिनीसरसं कापून ठेवलं तरी चालतं. बुरशीने गेलं असेल तर जमेल तेवढी मुळं उकरून काढावीत, कारण गॅनोडर्मा जुन्या मुळांत वर्षानुवर्षं टिकून राहते. त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर किंवा नारळ लावू नये. नवं रोप काही हात लांब, गटारापासून आणि तारांपासून दूर लावावं. छोट्या आवाराला पेरू, चिकू, लिंबू, सीताफळ पुरतात, आणि जागा असेल तर बकुळ.