फाल्गुनातलं रान: घासून काढावं की कुंचल्याने रंगवावं?

अ‍ॅक्रिलिकमध्ये रान रंगवायला दोन वाटा आहेत. एक ओळखीची: कॅनव्हासवर पातळ थरांवर थर देत कुंचल्याने झाडं उभी करायची. दुसरी उलटी: एमडीएफच्या किंवा प्लायच्या फळीवर बरेच थर चढवायचे, वाळू द्यायचे आणि वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यासोबत वापरायच्या घासकागदाने, घासून आतला रंग वर आणायचा. कन्नडजवळचं गौताळ्याचं जंगल मी दोन्ही वाटांनी रंगवलं आहे. माझा सल्ला एवढाच, की आधी कोणत्या महिन्यातलं रान हवंय ते ठरवा.

श्रावणातला गौताळा म्हणजे हिरव्याच्या नाना छटा, मागे धुक्यात बुडालेला डोंगर. तिथे कुंचलाच बरा. पारदर्शक थरांनी खोली येते, फांदी हवी तिथेच बसते आणि चुकलं तर वाळल्यावर वरून रंगवता येतं. घासण्यात एवढा ताबा राहत नाही. कागद जरा जास्त फिरला की पान गेलंच.

फाल्गुन-चैत्रात मात्र आपलं रान वेगळंच होतं. साग निष्पर्ण, सालईची साल पापुद्र्यांनी सुटलेली, खोडांमागे पांढुरकं आभाळ आणि मधेच पेटलेला पळस. हे रान घासूनच जिवंत होतं, असं माझं ठाम मत आहे. या पद्धतीत ठळक दिसायला हवं ते सगळ्यात आधी लावायचं. पळसाचा केशरी मी पॅलेट नाईफने (रंग थापायच्या बोथट सुरीने) जाड ठिपक्यांनी देते; खोडांच्या उभ्या रेघाही तशाच उंच ठेवते. ते पक्कं वाळलं की करडा, मातकट, फिकट जांभळा असे पाच-सहा पातळ थर. शेवटचा थर वरच्या भागात आभाळाचा, खाली वाळल्या गवताचा पिवळा. घासताना उंचवटे आधी झिजतात. त्यामुळे केशरी ठिपका मधोमध उघडतो, भोवती मधल्या थरांची कडी राहतात, आणि सखल भागात आभाळ तसंच टिकतं. खोडांवर तर अगदी सालईसारखे पापुद्रे दिसतात. ही साल कुंचल्याने काढण्यात मी कितीतरी दुपारी घालवल्या, पण अशी उतरली नाही.

हवेचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये पॅलेटवरचा रंग बघता बघता साय धरतो. कुंचल्याने आभाळाचे रंग एकमेकांत मिसळायचे तर रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव्य) घालावं लागतं किंवा पहाटे बसावं लागतं. थर चढवणाऱ्याला हीच कोरडी हवा सोयीची, दिवसात तीन-चार थर सहज होतात. फक्त हाताला वाळलेला रंग आतून कच्चा असू शकतो. मी एकदा त्याच संध्याकाळी घासायला घेतलं, तर रंगाच्या रबरासारख्या गुंडाळ्या निघाल्या. शेवटच्या थरानंतर निदान दोन दिवस थांबा, पावसाळ्यात चार-पाच.

वॉटर पेपर गाड्यांना रंग देणारे वापरतात तोच. ४०० नंबरने सुरुवात, मग त्याहून बारीक ८००, शेवटी १०००. पाण्याशिवाय घासू नका. घर्षणाच्या उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ पडून कागदात भरतं, आणि कोरडी धूळ छातीत जाते. कॅडमियमचे रंग असतील तर ती विषारीच. पाणी फार लागत नाही, स्प्रेची अर्धा लिटरची बाटली पुरते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्या मराठवाड्यात चित्रासाठी बादल्या ओतणं मनाला पटत नाही. घासलेलं पाणी मोरीतही सोडू नका. भांड्यात ठेवून गाळ बसू द्या, तो वाळवून वेगळा टाका.

घासण्यात रंग जास्त जातो, तेव्हा मधल्या थरांना स्वस्तातले विद्यार्थी-रंग चालतील. फळी मात्र हवीच. ताणलेल्या कॅनव्हासवर जोर दिला की मागच्या लाकडी पट्ट्यांच्या रेघा वर उमटतात.

घासून झालेली फळी आधी धुरकट, राखाडी दिसते. तेव्हा धीर सोडू नका. पुसून, वाळवून तिच्यावर ग्लॉस मीडियमचा (चकाकी देणाऱ्या पारदर्शक द्रवाचा) एक पातळ हात फिरवा, खालचा केशरी पुन्हा उजळून येतो.